चावीवाल्याच्या घरचं पाणी

कोंडीराम गमरे दिवसाला किती पाणी पितात, असं कौसल्या सिस्टरनी विचारलं तेव्हा राधाबाई म्हणाल्या, "भरपूर." आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या.

राधाबाई सहसा खोटं बोलत नाहीत. त्रेसष्ट वर्षांत त्यांना त्याची फारशी गरजही पडली नव्हती. मंडणगडजवळच्या एका वाडीतून एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन त्या घोडपदेवच्या या चाळीत आल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या या एका खोलीत, आणि त्यानंतर त्यांच्या हातून जे काही झालं ते गॅलरीतून जाणाऱ्या कोणालाही दिसेल असंच झालं. दार उघडं ठेवून त्यांनी स्वयंपाक केला, दार उघडं ठेवून सम्यकला वाढवलं, दाराशीच बसून आजूबाजूच्या बायकांच्या साड्यांना फॉल लावले. दहा बाय बाराच्या खोलीत माणसांनाच जागा पुरत नाही, गुपितं कुठे ठेवणार? पण गेले दोन महिने ते दार दिवसाही लोटलेलं असायचं. ऊन येतं, असं राधाबाई सांगायच्या. त्या गॅलरीत ऊन कधीच येत नाही.

कौसल्या सिस्टर महापालिकेच्या रुग्णालयात पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाल्या. आता त्या एका लहान संस्थेसाठी लालबाग, परळ, घोडपदेव या भागातल्या घरांतून फिरतात. ज्या घरात विस्मरणाचं, डिमेन्शियाचं माणूस आहे त्या घरी. लोकांना वाटतं त्या पेशंटला बघायला येतात. खरं तर त्या पेशंटला सांभाळणारीला बघायला येतात. बहुतेक घरांत ती बाईच असते. दर गुरुवारी एका शाळेच्या वर्गात अशा बायकांची बैठक भरते. तिथे सिस्टर सांगतात की सांभाळणारी आडवी झाली की एका घरातून दोन पेशंट निघतात, आणि निम्म्या वेळा दोघांनाही निघायची गरज नसते.

त्या मंगळवारी चहात कोणालाच रस नव्हता. कोंडीराम कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. रविवारपर्यंत ते चालत होते, भरवलं तर जेवत होते, आपल्या नादात का होईना पण बोलत होते. सोमवारी दुपारपासून त्यांची गुंगी उतरेना. हाक मारली की डोळे उघडत, पण समोरच्या माणसाशी न बोलता त्याच्या मागच्या भिंतीशी बोलत. बोटांनी हवेतून काहीतरी वेचत. सम्यकचा सकाळीच फोन येऊन गेला होता. तो राहतो डोंबिवलीला, काम करतो लोअर परळला एका विमा कंपनीत. ऑफिसजवळच्या एका खासगी रुग्णालयात त्याने बेड सांगून ठेवला होता. संध्याकाळी सातला गाडी घेऊन येतो, बाबांची पिशवी भरून ठेव, एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. पिशवी भरून झाली होती. राधाबाईंनी सिस्टरना बोलावलं होतं ते एकच विचारायला, की न नेता काही होण्यासारखं आहे का.

कारण मागच्या ऑगस्टमध्ये ते एकदा जाऊन आले होते. गॅलरीत चक्कर येऊन पडले आणि नऊ दिवस एका रुग्णालयात राहिले. त्या वॉर्डात कोणी वाईट नव्हतं. एका परिचारिकेकडे तीस माणसं होती, आणि कोंडीराम सलाइनची सुई उपसून घरी निघत होते. म्हणून त्यांचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीने कॉटच्या कठड्याला बांधले गेले. राधाबाई चार वाजता भेटायला जात तेव्हा ते बांधलेल्या हातांनी नमस्कार करायची धडपड करत आणि म्हणत, "साहेब, सोडा." घरी आले तेव्हा कॉटवरून उठायचं कसं हेच ते शरीर विसरलं होतं. पुन्हा चालायला शिकवेपर्यंत दिवाळी उजाडली. चालणं परत आलं. राधाबाईंचं नाव मात्र तिकडेच कुठेतरी राहिलं.

तेव्हापासून झोपताना त्या फॉलच्या रिळातला दोरा आपल्या मनगटाला गुंडाळतात आणि दुसरं टोक नवऱ्याच्या सदऱ्याच्या बटणाला बांधतात. ते उठले की दोरा ओढला जातो, राधाबाईंना जाग येते आणि दोरा तुटतो. तुटावा इतका कच्चा दोराच त्या निवडून घेतात.

सिस्टरनी कोंडीरामांची नाडी पाहिली, ताप पाहिला, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला. तोंड उघडायला लावून जीभ पाहिली. सकाळची लघवी कशी होती ते विचारलं. थोडीशी, काळ्या चहासारखी, असं राधाबाईंनी पाठमोऱ्याच सांगितलं. सिस्टर त्यांच्याकडे वळल्या.

"आता तुमची दाखवा."

"काय?"

"जीभ."

राधाबाईंना हसू आलं. लहान मुलीसारखी त्यांनी जीभ काढून दाखवली. सिस्टर तिच्याकडे जरुरीपेक्षा जास्त वेळ बघत राहिल्या. मग स्वतः उठून त्यांनी आधणाखालचा गॅस बंद केला.

"राधाबाई, एका घरात दोन माणसं आणि दोघांची जीभ लाकडासारखी. ते विसरतात, मान्य. तुम्ही का नाही पीत?"

त्यानंतर राधाबाईंनी जे सांगितलं ते सलग सांगितलं नाही. भिंतीवर बुद्धांची मूर्ती आहे, शेजारी बाबासाहेबांची तसबीर आहे. बोलताना त्या दोघांकडेही त्यांनी पाहिलं नाही. मोरीकडे बघत बोलल्या.

मार्चमध्ये जिन्याशी कमिटीच्या फळ्यावर खडूने एक सूचना लिहिलेली दिसली. ज्येष्ठ नागरिकांनी संडासला जाताना घरचं माणूस सोबत न्यावं. नाव कोणाचंच नव्हतं. मजल्यावर ज्येष्ठ नागरिक सात, पण बायकांच्या बाजूचं दार चुकून उघडणारा एकच होता. संडास गॅलरीच्या टोकाला, डावीकडे पुरुषांचे दोन, उजवीकडे बायकांचे दोन. घरचं माणूस म्हणजे राधाबाई. पुरुषांच्या बाजूला बाई उभी राहिली की आतला माणूस उगाच खाकरायचा आणि बादली घेऊन आलेला अर्ध्यातून परत फिरायचा. बोललं कोणी काही नाही. कोणी बोललं असतं तर राधाबाईंनी चांगलं खडसावलं असतं. न बोलणाऱ्यांपुढे त्यांना काही सुचेना. दिवसातून सात-आठ वेळा ती गॅलरी त्यांना आधी कधी वाटली नव्हती इतकी लांब वाटायला लागली.

खोलीतल्या मोरीत बसवावं, तर कोंडीराम बसत नव्हते. मोरीत पाण्याचं पिंप. "पाण्याच्या जागी?" असं ते अशा काही तिरस्काराने म्हणत, की राधाबाईंची मान खाली जाई. शेवटी त्यांनी दुकानातून प्लास्टिकचं भांडं आणलं. कोंडीरामांनी ते राखेने घासावं तसं घासून घेतलं, त्यात काठोकाठ पाणी भरलं आणि वर ताटली झाकून ठेवली.

तेव्हा राधाबाईंनी पाणी तोडलं. आधी संध्याकाळनंतरचं, मग दुपारचंही. गॅलरीच्या फेऱ्या आठाच्या चार झाल्या, चाराच्या दोन. आणि त्यांना एकटं टाकून स्वतःलाही जाता येत नव्हतं, म्हणून त्यांच्याबरोबर स्वतःचंही तोडलं.

"मागायचे नाहीत ते?" सिस्टरनी विचारलं.

"मागायचे."

"मग?"

"मी सांगायची, पाणी आलं नाही अजून."

"आणि ऐकायचे?"

"त्यांनाच तर ते पटायचं," राधाबाई म्हणाल्या.

कोंडीराम एकतीस वर्षं महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, खालच्या व्हॉल्व्हला छातीएवढ्या उंचीची चावी लावायची आणि आटे मोजत फिरवायचे, म्हणजे एका वस्तीचं पाणी बंद होऊन दुसरीचं चालू होतं. भायखळ्यापासून शिवडीपर्यंत किती घरांच्या मोऱ्यांत त्यांच्या मनगटाच्या जोरावर पाणी पडायचं, आणि त्यातल्या एकाही घराला त्यांचं नाव माहीत नव्हतं. पाणी उशिरा आलं की मात्र बायका त्यांनाच गाठायच्या. डोक्यातलं बाकी सगळं ओसरून गेलं तरी हा कोपरा कोरडा पडला नव्हता. बायको म्हणजे कुठल्यातरी गल्लीतून तक्रार घेऊन आलेली बाई, असं ते धरून चालत. पाणी आलं नाही असं तिने म्हटलं की हातातला पेला बाजूला ठेवत आणि तिची समजूत घालत, "येईल बाई. लाइन भरायला वेळ लागतो. आहे ते पोरांना ठेवा."

"मी त्यांना बरोबर पकडलं होतं, सिस्टर," राधाबाई म्हणाल्या. "दुसरं काही सांगितलं असतं तर भांडले असते."

सिस्टर रागावल्या नाहीत. वॉर्डात असताना त्यांनी अशी कितीतरी म्हातारी माणसं भरती होताना पाहिली होती. अंगात पाणी नाही, त्यातून लघवीत जंतू, त्यातून ही गुंगी आणि भलतंच बोलणं. घरचे म्हणायचे, आजार वाढला. कागदावर इन्फेक्शन लिहिलं जायचं. माणूस तहानलेला आहे, असं लिहायला त्या कागदावर जागा नव्हती. हे सगळं त्यांनी राधाबाईंना सांगितलं आणि वर म्हणाल्या की तुमचं चुकलं, पण ते मला सांगायला तुम्हाला दोन महिने लागले, त्यात माझंही चुकलं. मी पाणी किती पितात एवढंच विचारत राहिले. संडासला कोण नेतं, हे विचारलं नाही.

खालच्या दवाखान्यातले डॉक्टर बारा वाजता वर येऊन गेले. ताप नाममात्र, रक्तदाब ठीक, छाती साफ. संध्याकाळपर्यंत एक-दीड लिटर पाणी पोटात गेलं, लघवी झाली आणि माणूस थोडा शुद्धीत आला, तर घरीच ठेवू, लघवी तपासून गोळ्या देऊ. नाही गेलं तर सलाइन लावावं लागेल, आणि ते इथे नको. त्याच्या आधीच ताप चढला, उलटी झाली किंवा हाकेला ओ देईनासे झाले, तर सातची वाट बघू नका. सिस्टरनी तीनही गोष्टी राधाबाईंकडून परत म्हणवून घेतल्या.

म्हणजे सात वाजेपर्यंत कोंडीरामांनी पाणी प्यायचं होतं. एवढंच. आणि कोंडीराम पीत नव्हते.

पाण्याचा चमचा ओठांशी नेला की ते दात घट्ट मिटत. पेज झाली, लिंबाचं सरबत झालं, सिस्टर खाली जाऊन शहाळं घेऊन आल्या. जेमतेम चार-पाच चमचे गेले असतील, त्यातले दोन उशीवर. ग्लानीतसुद्धा त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "ठेवा. पाणी आलं नाही."

सिस्टरनी वाकून मोठ्याने सांगितलं, "आलंय, काका. भरपूर आलंय."

कोंडीरामांनी डोळे उघडले. नवशिक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"मला सांगता? आत्ता दोनला? या लाइनची वेळ साडेचारची."

आणि परत भिंतीकडे वळले. राधाबाई भांडी आवरायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. या चाळीला पाणी साडेचारलाच येतं. माणसं ओळखता येत नव्हती, स्वतःचं वय सांगता येत नव्हतं, पण वेळ बरोबर होती.

"मग साडेचारलाच देऊ," त्या म्हणाल्या. "त्यांच्या हाताने."

मधल्या अडीच तासांत सिस्टर कापूस भिजवून कोंडीरामांचे ओठ ओले करत राहिल्या, मधूनमधून हाक मारून ओ येते का बघत राहिल्या. त्यांनी राधाबाईंना समोर बसवून दोन पेले पाणी प्यायला लावलं आणि गॅलरीच्या टोकाला पाठवलं. घाई करायची नाही, मी आहे, असं बजावून. शेजारच्या खोलीतले गॅब्रिएल तेव्हा दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते. गॅब्रिएल गोदीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. चाळीस वर्षांची भिंतीला भिंत. दार लोटलेलं दिसायला लागल्यापासून तेही आत आले नव्हते. त्यांची बायको मॉड म्हणाली होती की त्यांना नको असेल, आपण कशाला जायचं. त्या दिवशी उघड्या दारातून त्यांनी आत बघितलं आणि सिस्टरना विचारलं, "काय झालं, सिस्टर? सिरियस आहे?"

"तुम्ही साडेचारला इथे या," सिस्टर म्हणाल्या. "उचलायला माणूस हवा."

नळाला पाणी यायच्या आधी हवा येते. नळ खोकतो, थुंकतो, थांबतो. तो आवाज झाला आणि कोंडीरामांची बोटं हवेत वेचायची थांबली. गॅब्रिएलनी एका बाजूने आणि सिस्टरनी दुसऱ्या बाजूने धरून त्यांना मोरीच्या काठावर स्टुलावर बसवलं. मान हलत होती, पण डोळे नळावर होते. राधाबाईंनी नळ सोडायला हात पुढे केला तो त्यांनी मनगटाने बाजूला सारला.

नोकरीत त्यांची एक रीत होती. पाणी सोडलं की जवळच्या पहिल्या नळाशी जायचं, ओंजळीत पाणी घ्यायचं, वास घ्यायचा, तोंडात घोळवायचं. गढूळ आहे का, गंज उतरलाय का, कुठे गटाराची लाइन मिसळलीय का. खात्याने असं काही सांगितलेलं नव्हतं. आपण सोडलेलं पाणी आपण आधी चाखावं, असं त्यांना वाटायचं. त्यापायी दोनदा कावीळ झाली, तरी सोडलं नाही.

त्यांनी नळ आधी पूर्ण बंद केला. मग अगदी हळू, अर्ध्या आट्याने उघडला. ओंजळ धरली. निम्मं पाणी सांडत होतं. वास घेतला. तोंडात घेतलं आणि मोरीत थुंकून टाकलं.

राधाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"पहिलं टाकायचं असतं," कोंडीराम म्हणाले आणि दुसरी ओंजळ धरली. ती प्यायले. तिसरी प्यायले. मग नळ बंद करून हात सदऱ्याला पुसले. "चांगलं आहे. सोडा."

चाचणी संपली होती. सगळं मिळून अर्धा पेला गेला असेल.

सिस्टरनी राधाबाईंकडे बघितलं, राधाबाईंनी नळाकडे. परत प्या म्हटलं तर कशाला, असं ते विचारणार होते. तेव्हा गॅब्रिएलनी घसा साफ केला.

"कोंडीराम, माझ्या रूमचं पण चेक कर ना रे. दोन दिवस झाले, वास मारतं."

ते आपल्या खोलीत जाऊन पेला भरून घेऊन आले. फिल्टरचं पाणी, वास कसला येणार? कोंडीरामांनी पेला उजेडाकडे धरला, वास घेतला, घोट घेतला. विचार केला. आणखी घेतला. तळ दिसेपर्यंत प्यायले.

"वास लाइनचा नाही. तुझी टाकी धू."

"माझ्याकडे टाकी कुठे आहे?"

"मग अंगाला साबण लाव."

गॅब्रिएल इतके हसले की मॉड बाहेर आली. दोन महिन्यांत त्या खोलीतून हसण्याचा आवाज आला नव्हता. मॉडला कारण सांगितलं, मॉडने पलीकडच्या खोलीत सांगितलं, आणि मग कोणाला काही सांगावं लागलं नाही. त्या मजल्यावर तेरा खोल्या आहेत. त्या संध्याकाळी नऊ तक्रारी आल्या. कोणाचं पाणी पिवळं दिसत होतं, कोणाचं बेचव लागत होतं. माणसं पेले घेऊन गॅलरीत रांगेने उभी होती आणि कोंडीराम स्टुलावर बसून एकेकाचा निकाल लावत होते. फार भरून आणू नका, थोडं थोडं आणा, असं सिस्टर दारातच प्रत्येकाला हळूच सांगत होत्या. टोकाच्या खोलीतली अक्षदा, शाळेत शिकवते ती, साखर-मीठ घातलेलं पाणी घेऊन आली.

"काका, आमच्याकडे खारट येतंय."

कोंडीरामांनी घोट घेतला आणि भुवया वर केल्या. "खारट आहे. खाडीचं शिरलंय कुठेतरी." पेला संपवला. तिच्याकडे परत दिला. "एकदा बघून कळत नाही. परत आणा."

तिने परत आणलं. त्याच्यानंतर आणखी एकदा.

त्या रांगेत ती बादलीवाली माणसंही होती, अर्ध्यातून परत फिरणारी. राधाबाईंनी त्यांना पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राधाबाईंना वाटत आलं होतं तसं काहीच नव्हतं. थोडा संकोच होता, तो राधाबाईंच्या स्वतःच्याही चेहऱ्यावर असणार. फळ्यावर सूचना लिहिणारा हात यांच्यातल्याच कोणाचा तरी होता, आणि त्याच हातात आता पेला होता. माणसांबद्दल नक्की काय ठरवायचं ते राधाबाईंना तेव्हाही कळलं नाही, आणि त्यांनी ठरवायचं सोडून दिलं.

सव्वासहाला कोंडीराम अस्वस्थ झाले, उठायला बघायला लागले. राधाबाई सवयीने पुढे झाल्या. सिस्टरनी त्यांचा हात धरला आणि गॅब्रिएलना खूण केली. गॅब्रिएल आणि तिसऱ्या खोलीतले एक जण त्यांना दोन्ही खांद्यांनी धरून घेऊन गेले. पुरुषांच्या बाजूला. राधाबाई दारात उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याची अशी वाट त्यांनी एकदाच पाहिली होती, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात झाकण पडून पाय चेचला होता त्या दिवशी.

गॅब्रिएल एका हातात डॉक्टरांनी दिलेली तपासणीची बाटली घेऊन आले आणि अख्ख्या गॅलरीला ऐकू जाईल असं म्हणाले, "झालं, राधाबाई. चांगलं झालं." मॉडने कपाळाला हात लावला.

सम्यक सातला आला तेव्हा कोंडीराम उशीला टेकून बसले होते. थकलेले होते, पण समोर आलेल्या माणसाकडे बघत होते, भिंतीकडे नाही. त्यांनी सम्यकला विचारलं, "तुमची काय तक्रार?"

सम्यकला ते आवडलं नाही. खाली गाडी उभी होती, रुग्णालयातून दोनदा फोन आला होता. सिस्टरनी त्याला जयभीम करून बसवलं, डॉक्टरांशी फोनवर बोलायला दिलं. आज घरी ठेवायला हरकत नाही, असं डॉक्टरांनीही सांगितलं. तरी त्याचं समाधान होईना. आज ठीक आहेत, पण अचानक असं झालंच कसं, हे कोणी सांगत नाही, तोपर्यंत मी इथे कसा ठेवू, असं तो म्हणत राहिला. त्याचं चूक नव्हतं.

ते सांगणं सिस्टरचं काम नव्हतं.

"मी त्यांना पाणी देत नव्हते," राधाबाई म्हणाल्या.

सम्यकने आईकडे बघितलं. मग दाराबाहेर, गॅलरीच्या टोकाकडे. तो याच खोलीत वाढला होता. त्याला पुढचं समजायला फार वेळ लागला नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? डोंबिवलीहून ये आणि बापाला संडासला ने?"

"हो," सम्यक म्हणाला.

हे उत्तर येईल असं राधाबाईंनी दोन महिन्यांत एकदाही मनात आणलं नव्हतं. मुलाला त्रास नको, शेजाऱ्यांना त्रास नको, असं म्हणत त्यांनी सगळ्यांच्या वतीने नकार देऊन टाकला होता, आणि त्या सगळ्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

सम्यकने गॅलरीत जाऊन फोन केला आणि बेड नको म्हणून सांगितलं. आत आला तेव्हा त्याने विचारलं, परत असं झालं तर?

"झालं तर नेऊ," राधाबाई म्हणाल्या. "न्यायला लागेल तेव्हा नेऊच. पण तहानेपायी नाही."

पुढे जानेवारीत न्यावंच लागलं. छातीत कफ भरला, श्वास लागला, आणि राधाबाईंनी एका मिनिटाचाही उशीर केला नाही. चार दिवस रुग्णालयात काढले. चारही दिवस सम्यक, गॅब्रिएल आणि राधाबाई आळीपाळीने कॉटशी बसले, त्यामुळे हात बांधायची वेळ आली नाही. पाचव्या दिवशी कोंडीराम स्वतःच्या पायांनी जिना चढून आले, मध्ये पहिल्या मजल्यावर थांबून पाण्याची चौकशी करत. पण ते पुढचं.

त्या मंगळवारी लघवीच्या तपासणीत जंतू निघाले, गोळ्या सुरू झाल्या. आठच्या सुमारास सिस्टर जायला निघाल्या. दिवसभरात कोणी कधी न्यायचं ते त्यांनी एका कागदावर लिहून घेतलं होतं. सकाळी गॅब्रिएल, दुपारी तिसऱ्या खोलीतले, संध्याकाळी अक्षदाचा नवरा, शनिवार-रविवार सम्यक. प्रत्येक वेळी जायच्या आधी थोडं आणि आल्यावर पेलाभर पाणी, राधाबाईंनाही. गुरुवारी बैठकीला या, तेवढा वेळ मॉड बसेल, असंही त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. राधाबाई नाही म्हणणार होत्या, पण मॉड दारातच उभी होती.

सिस्टर गेल्यावर कोंडीराम परत उठायला बघायला लागले. सम्यकने मोजे काढले, पँट दोन घड्या वर दुमडली आणि वडिलांच्या बगलेत हात घातला. घातला तो चुकीचा, फार वर. राधाबाईंना ते दिसलं. कोंडीरामांनाही जाणवलं असावं.

"नवीन का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"हो," सम्यक म्हणाला.

"मग घाई करू नका."

ते दोघं दारातून बाहेर पडले. गॅलरीत त्यांच्या पावलांचा आवाज येत राहिला, दोन भरभर, दोन फरफटत, मग सगळी एका चालीत आल्यासारखी. राधाबाईंच्या मांडीवर कोणाची तरी साडी होती, निम्मा फॉल लावायचा राहिला होता. त्या मागोमाग गेल्या नाहीत. सुई ओवून बसल्या.